पुढच्या कठड्यावरचा टॉवेल

३ फेब्रुवारी

माझा धुतलेला परकर किती लोकांनी बघितला त्याचा आकडा तुझ्या फोनमध्ये येतो म्हणे. लाँड्रीवाल्याने दाखवला. वाचताना त्याची जीभ अडखळली, इतका मोठा आकडा. माझ्या लग्नाला एवढी माणसं नव्हती, आणि तेव्हा मी बऱ्या कपड्यांत होते.

आता आशीर्वाद. ते आहेतच, कुठे पळून जात नाहीत.

पोरी, तू घरं विकतेस ना? मग घरं दाखव. भिंती दाखव, नळ दाखव, संडास कुठल्या कोपऱ्यात आहे ते दाखव. आमची गल्ली कशाला दाखवतेस? ती विकायला काढली आहेस का? मागच्या महिन्यात आलीस तेव्हा मला वाटलं आजीला भेटायला आलीस. सारा वेळ फोन उंच धरून गल्लीत फिरत होतीस. मी समजले, रेंज येत नसेल. म्हटलं पोरगी बिचारी वणवण करतेय.

लाँड्रीवाल्याची वाफ दाखवलीस, तर तो आता गिऱ्हाईक नसलं तरी वाफ सोडतो. समोरच्या पिपाणीवाल्याला क्लॅरनेट वाजवायला लावलंस. त्याला मी किती वर्षं खपून गप्प केला होता! आता तो बँडचा जुना लाल कोट घालून गॅलरीत बसतो. सोनेरी पट्ट्या आहेत, बटणं लागत नाहीत. खाली कोणी फोन रोखला की पोट आत घेतो. रिटायर झालेल्या माणसाने रिटायर राहावं.

अनोळखी लोक येतात ते वेगळंच. काल एक जोडपं माझ्या दारात उभं. मला म्हणतं, "आजी, जरा बाजूला व्हाल का? दार फार सुंदर आहे." माझ्याच दारातून मला बाजूला! झाले बाजूला, आणि दार लावून घेतलं.

आणि शेवटचं. गॅलरीच्या कठड्यांवरचे टॉवेल दाखवून खाली ‘रंगीत टॉवेलांची गल्ली’ असं लिहिलंस, तो व्हिडिओ काढून टाक. का, ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. आलीस की सांगेन. तोवर काढ.

फोन करू नकोस. मला त्यातलं ऐकू येत नाही, आणि तुला ‘आजी, एक मिनिट हं’ याच्यापुढे काही बोलता येत नाही. पत्र लिही. पत्राला होल्डवर ठेवता येत नाही.

तुझी आजी


११ फेब्रुवारी

प्रिय आजी,

परकर काढला. म्हणजे व्हिडिओतून. आता रागावू नकोस आणि नीट वाच.

मी घरंच दाखवत होते गं. रिकाम्या खोल्या, चकचकीत फरशी, आणि मधोमध मी, हात पसरून ‘बघा किती उजेड’ म्हणत. कोण बघायचं? आई, मी, आणि आमच्या समोरच्या ऑफिसातली एजंट, ती चुका काढायला. मग एकदा सहज लाँड्रीवाल्याची वाफ टाकली, तर लोक विचारायला लागले. ही गल्ली कुठली, हा माणूस रोज असतो का, इथे राहायला जागा मिळेल का. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणूस घर घेताना भिंती बघतो खरा, पण खाली उतरल्यावर आपल्याला कोण भेटणार हे त्याला आधी बघायचं असतं.

तुमच्या गल्लीच्या टोकाला नवी इमारत झाली आहे, ती विकायचं काम आमच्याकडे आहे. साहेब म्हणालेत, फॉलोअर असेच वाढले आणि इमारत भरली तर मला कायम करतील. नाहीतर उन्हाळा संपला की मी घरी. मला घरी बसायचं नाही. तूही बसली नाहीस, बाटल्यांच्या कारखान्यात उभ्याने नोकरी केलीस.

म्हणून टॉवेलांचा व्हिडिओ काढता येणार नाही. सगळ्यात जास्त तोच चाललाय. पण तुला तो का आवडला नाही ते आलं माझ्या लक्षात. जुने, विरलेले, डागाळलेले टॉवेल जगाने बघावेत, याची तुला लाज वाटली असणार. साहेबांना सांगितलं, तर ते इतक्या मोकळ्या मनाचे की लगेच म्हणाले, अख्ख्या गल्लीला आपल्याकडून नवे टॉवेल! पिवळे, जाड, प्रत्येक कठड्याला एक, चिमट्यांसकट. या आठवड्यात माणूस येईल लावायला.

आता तरी हस.

तुझी नात


२० फेब्रुवारी

हसले नाही.

टॉवेल आले. शिडी घेऊन आलेला माणूस कोणाला विचारीना, ‘साहेबांची भेट, साहेबांची भेट’ करत टॉवेल अडकवत सुटला. चिमटे इतके घट्ट की सोडवायला पकड लागते. घरात सहा माणसं असलेल्यांच्या पुढच्या कठड्याला टॉवेल, एकट्याच्या कठड्याला टॉवेल, आणि कुलूप असलेल्या खोलीलासुद्धा टॉवेल. माझा मी उपटला आणि माझा जुना निळा टाकला. बाकीचे खूश. म्हणतात, गल्ली उजळली.

पिपाणीवाल्याला म्हटलं, तुझाही काढ, आणि पूर्वीसारखा रोजचा रोज आत घेत जा. तर म्हणतो, "लाल कोटामागे पिवळा उठून दिसतो." सत्तरी उलटली मेल्याची! मी म्हटलं, मग मी सकाळी बघायचं काय? म्हणाला, "मला बघ." तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलंय.

तुझ्या साहेबाला सांग, मोकळं मन स्वतःच्या गॅलरीत वाळत घाल म्हणावं.

व्हिडिओ काढ.

आजी


१९ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र नाही की निरोप नाही. एरवी काळजी लागली असती. पण हल्ली रोज कोणी ना कोणी तुमच्या गल्लीचे व्हिडिओ टाकतं, आणि कठड्या-कठड्यावर टॉवेल दिसतात. मध्येच तुझा तो निळाही दिसतो, हट्टी कुठली! ते बघते आणि मनात म्हणते, चला, सगळं ठीक आहे.

बँडवाल्या आजोबांशी अबोला सुटला का? ते ‘मला बघ’ म्हणाले आणि तू रुसलीस! मी ऑफिसात वाचून दाखवलं, सगळे हसून लोळले. त्यांना सांग, लोक विचारतायत, लाल कोटवाले हल्ली गॅलरीत का दिसत नाहीत?

इमारतीतले निम्मे फ्लॅट गेले. आता मी थांबत नाही.

तुझी नात


२४ मार्च

लाल कोटवाला दिसत नाही, कारण तो हॉस्पिटलात आहे. मोरीत घसरला, मांडीचं हाड मोडलं. नीट बस आणि वाच. तोंडी सांगायचं होतं ते आता लिहिते, कारण तू काही येत नाहीस.

आमच्या गल्लीत जो एकटा राहतो, तो सकाळी उठून तोंड धुतलं की टॉवेल पुढच्या कठड्यावर टाकतो. घरात माणसं असलेले मागच्या बाजूला वाळवतात. अंधार पडायच्या आत टॉवेल घरात घ्यायचा, म्हणजे उद्याचा उद्या दिसतो. समोरच्याने बघायचं. लाँड्रीचं शटर वर गेलं आणि तरी समोर टॉवेल नाही, तर जिना चढायचा आणि दार बडवायचं. संपलं. तळमजल्यावरची शिवणवाली गेली तेव्हा वास सुटल्यावर कळलं, त्या आठवड्यापासून हे सुरू झालं. कोणी सभा घेतली नाही की कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. पिपाणीवाल्याचा टॉवेल मी बघायची, माझा तो बघायचा. आमचं एका गोष्टीवर पटलं नाही कधी, पण टॉवेल बघायचा राहिला नाही.

तो पडला त्या सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत उभी होते. समोर पिवळा टॉवेल. तो रात्रंदिवस तिथेच असतो हे माहीत असून जुन्या सवयीने मनात म्हटलं, नाही बोलत तर नाही बोलत, जिवंत आहे ना. दुपारी बघितलं, टॉवेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं, टॉवेल. आणि हा आत ओल्या फरशीवर पडलेला. ओरडला म्हणे. मला लांबचं ऐकू येत नाही, आणि ज्यांना येतं ते तुझे लोक खाली गाणी लावून फोटो काढत होते. शेवटी हाताला लागलेल्या मगाने त्याने नळाचा पाइप ठोकला. खालच्या मजल्यावरच्या बाईला वाटलं, प्लंबर आला. आपलाही नळ दाखवून घ्यावा म्हणून ती वर गेली, म्हणून वाचला.

मी हॉस्पिटलात गेले. ओठ सुकून फुटलेले, गालावर हा एवढा काळानिळा डाग. मला बघून म्हणतो काय, "मला बघ म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, "बघतच होते रे मेल्या. टॉवेल बघत होते."

तुझ्या नावाने रडायला मला वेळ नाही. मी आणि लाँड्रीवाला पकड घेऊन घरोघर गेलो, सगळे पिवळे उतरवले. एकीने नाक मुरडलं, "आमचा राहू द्या, छान दिसतो." मी म्हटलं, छान दिसायचं असेल तर आरसा लाव. पण उतरवून भागलं नाही. व्हिडिओ बघून लोक येतात आणि टॉवेल दिसले नाहीत की हिरमुसतात. काल एका पोरीने पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला, वर चढून तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या कठड्यावर टाकला, फोटो घेतला आणि टॉवेल विसरून निघून गेली. नर्सबाई एकट्या असतात. आज सकाळी तो टॉवेल बघून मला काही कळेना, त्या उठल्या की नाही. चढले तीन जिने. त्या आत मजेत दात घासत होत्या आणि माझे गुडघे गेले कामातून.

आता तरी व्हिडिओ काढ.

आजी


२८ मार्च

आजी,

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. मी तुला लिहिलं होतं, टॉवेल दिसतात म्हणजे सगळं ठीक. आणि आजोबांच्या नावाने सगळ्यांना हसवलं होतं. मला माझीच घाण वाटली.

पण मी ठरवलंय. नुसता व्हिडिओ काढून भागणार नाही, खरं काय ते लोकांना सांगायला हवं. नवा व्हिडिओ करते. प्रत्येक कठड्याखाली उभं राहून सांगेन की इथे कोण राहतं, त्यांचा टॉवेल समोरून कोण बघतं, किती वाजता बघतं. लोकांना एकदा कळलं की कोणी गंमत म्हणून टॉवेल टाकणार नाही. साहेबांना सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "हा तर पहिल्यापेक्षा जोरात चालेल." आजोबांना हॉस्पिटलात दोन शब्द बोलता आले तर फारच छान.

रविवारी येते, फोन आणि ट्रायपॉड घेऊन.

तुझी नात


३० मार्च

ट्रायपॉड घेऊन आलीस तर तो घेऊनच जिन्यावरून खाली जाशील.

हे पत्र नवी इमारत बघायला आलेल्या बाईच्या हाती देते. तिला तुमच्या ऑफिसात यायचंच आहे, आणि टपालाची वाट बघत बसले तर तू तोवर दिवे लावशील.

अगं, डोकं गहाण टाकलंस का? कुठल्या खोलीत म्हातारं माणूस एकटं असतं, ते बोट दाखवून एवढ्या लोकांना सांगणार? वर ते कधी उठतं, कधी निजतं, त्याच्यावर कोणाचं लक्ष असतं, तेही? त्यातले सगळे फोटोच काढायला येतील, असा कागद दिलाय का कोणी तुला? मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते काय शाई संपली म्हणून? आणि साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतेस, तर पुसायला एक पिवळा टॉवेल पाठवते. इथे ढीग पडलाय.

टॉवेल आता बंद. काल सगळे एकटे माझ्या खोलीत जमले. बसायला जागा नव्हती. त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, तेही खांद्याला खांदा लावून बसले. नवी खूण ठरली. काय, ते तुला सांगणार नाही. हॉस्पिटलात जाऊन पिपाणीवाल्याच्या कानात सांगून आले. म्हणाला, "यात क्लॅरनेट नाही?" नाही म्हटलं. तोंड पाडून बसलाय.

आता या बाईबद्दल. नवरा गेला, मुलं लांब. तुझाच व्हिडिओ बघून आली. फ्लॅट बघायला पाच मिनिटं लागली, आणि मग कितीतरी वेळ माझ्या जिन्याच्या पायरीवर बसून होती. म्हणाली, "घर आवडलं हो. पण माझं दार कधी उघडलं नाही तर ते कोणाच्या लक्षात येईल?" टॉवेलाच्या खुणेचं तिला काही माहीत नाही, तरी नेमकं तेच विचारलं. मी म्हटलं, राहायला तर या, मग बघू. आली तर तिला खूण सांगेन. तेव्हा तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही. गल्ली दाखवून माणसं आण. लाँड्रीवाल्याला दाखव, त्याला हौस आहे. पण ज्याला विचारलं नाहीस त्याची खिडकी दाखवू नकोस.

तो व्हिडिओ आज काढ. या बाईच्या समोर काढ. ती मला येऊन सांगेल.

आजी


२ एप्रिल

आजी,

काढला. बाई शेजारी उभ्या होत्या, चष्मा लावून. मी बोट ठेवलं आणि गेला. नवा व्हिडिओही करणार नाही.

साहेबांना विचारलं नव्हतं. दुपारपर्यंत त्यांना कळलं आणि ऑफिसभर आवाज झाला. म्हणाले, परत टाक, नाहीतर या महिन्याअखेर तुझा आमचा संबंध संपला. मी म्हटलं, टाकणार नाही. फॉलोअर मी वाढवलेत, पुन्हा वाढवीन. गल्लीच दाखवीन, फक्त विचारून दाखवीन. तर ते म्हणाले, "एका म्हातारीच्या हट्टासाठी? लेखी कारण दे."

लिहायला बसले आणि अडकले. खरं कारण लिहायचं तर कोण एकटं, कुठे राहतं, सगळं कागदावर येतं, आणि तो कागद ऑफिसात दहा जण वाचणार. खोटं मला लिहायचं नाही. काय लिहू?

बाईंनी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला.

तुझी नात


६ एप्रिल

‘एका म्हातारीचा हट्ट’ म्हणाला? एका? गल्लीत येऊन मोज म्हणावं.

तू काही लिहू नकोस. अडचण माझी आहे, कारण मी देते. खालचं सगळं त्याच्यासाठी आहे. हा कागद फाडू नकोस की नीट उतरवून काढू नकोस. आहे असा टेबलावर ठेव.

साहेब, मी चौथी शिकलेली बाई आहे, अक्षर लागेल तसं लावून घ्या. तुमचे टॉवेल चांगले होते. गल्लीतल्या बायकांनी फरशी पुसायला नेले, पाणी मस्त ओढतात. तक्रार टॉवेलांची नाही. तुमच्या एका टॉवेलामागे, घरात, एक माणूस हाड मोडून पडला होता, आणि मी समोर उभी राहून तो ठीक आहे असं धरून चालले होते. तो व्हिडिओ दिसत राहिला तर लोक टॉवेल टाकत राहतील आणि आम्ही पुन्हा फसू. लेखी कारण ते एवढंच. कोणाची खोली, कुठला मजला, हे तुम्हाला कळायची गरज नाही.

तो माणूस पुढच्या आठवड्यात घरी येतोय. वॉकर आणि लाल कोट दोन्ही घेऊन येणार म्हणतो. यापुढे त्याची खबर मला कशी लागेल, ते आमचं आम्ही ठरवलंय.

नातीला ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा. काढलीत तर ती दुसऱ्याकडे जाईल, आणि लाँड्रीवाल्याने मला सांगून ठेवलंय, वाफ तिच्यासाठी सोडतो, साहेबासाठी नाही. मग उरलेले फ्लॅट तुम्ही स्वतः मधोमध उभे राहून विका. मी येईन बघायला.

आता एक विचारते. तुमची आई कुठे असते, कोणाजवळ असते, मला माहीत नाही. असली तर आज सकाळी ती उठली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

पोरी, याचं उत्तर तू द्यायचं नाहीस आणि ऑफिसातल्या कोणी लिहून द्यायचं नाही. साहेबाने लिहायचं, स्वतःच्या हाताने, आणि माझ्या पत्त्यावर टाकायचं.

आजी